वात

खाली पिठाची गिरणी.
ती थांबल्याशिवाय वरती रेकॉर्डिंग होत नाही,
म्हणून बागवान खिडकीतून ओरडतो, "मामा, किती राहिलंय?"
मामा दोन बोटं दाखवतात. दोन डबे. ज्वारी.
तेवढ्यात सोमली कागद पुन्हा वाचून घेते,
ओठ हलवत, आवाज न करता.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत,
बेकरीवाल्याने फुकट दिलेले.
एकाला अजून पीस आहे.
माझं काम अर्धा तास अर्धाच ठेवणं.
सोमलीची बोली मला येत नाही.
श्वास कुठे घेते ते कळतं,
तिथे कापते.

दांडेकर पुलापासून निघालेला आवाज
चांदणी चौकाच्या चढाला दमतो,
पलीकडे भूगावात नुसती खरखर.
गेमसिंग म्हणतो, त्या खरखरीतही कळतं
आपलं माणूस बोलतंय ते.
तो सातला वारज्याच्या नाक्यावर उभा असतो.
काम मिळालं तर नाक्याचा भाव फोनवरून कळवतो,
नाही मिळालं तर साडेनऊला स्वतः येतो.
बिगारी इतके. बाई इतके.
सोमली वाचते, बाई इतकेच.
तो "च" कागदावर नसतो.

बातम्या म्हणायचं नाही.
मायदेव मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
लायसन्सवर बोट ठेवून.
हवामान चालेल, लसीकरण चालेल,
भाजीचे भाव, हरवलं-सापडलं.
बातमी नाही.
मग कार्यक्रमाला नाव काय, तर सोमली म्हणाली, वात.
आमच्या तांड्यावर बोलण्याला वात म्हणतात.
मॅडमना वाटलं, समईतली.
छान आहे, म्हणाल्या,
आणि सही केली.

मागच्या बुधवारी म्हाळुंग्याला
अकराव्या मजल्याची परांची सुटली.
गेमसिंग तीन वाजता आला, चप्पल न काढता आत.
थावरू, म्हणाला. आणि मग बराच वेळ
तेवढंच.
ठेकेदाराने गेट लावून घेतलंय.
बायको कात्रजच्या साइटवर, विटा वाहते,
दोघांत एक फोन,
तो थावरूच्या खिशात.
पण सव्वासातला ती ऐकते, गेमसिंग म्हणाला.
भाकऱ्या थापताना ऐकते.

मॅडम म्हणाल्या, ही बातमी आहे.
कुणीच काही बोललं नाही.
गिरणी चालू होती, टेबलावरचा ग्लास थरथरत होता.
मग त्यांनीच माझ्या हातातला कागद ओढला,
वर शिरोरेघ मारली, शाळेत मारतात तशी सरळ,
आणि लिहिलं:

सापडला आहे
स्टीलचा डबा, तीन कप्प्यांचा.
मधल्या झाकणाला पोचा.
कडीला लाल दोरा.
आत दोन भाकरी, लसणाची चटणी, न उघडलेली.
तळाशी खिळ्याने कोरलंय: था.
जिने भरून दिला तिने
ससूनच्या दारात यावं.
एकटीने येऊ नये.

खाली मामांनी न विचारताच पट्टा उतरवला.
सोमलीने तिच्या बोलीत वाचलं, एका दमात,
मधे कुठे श्वासच नाही.
मला कापता आलं नाही.
त्या दिवशी अर्धा तास
चौतीस मिनिटांचा झाला.

नऊ वाजता ससूनच्या दारात साठेक माणसं.
सिमेंटचे पाय, कुणाच्या हातात अजून थापी.
बागवानने कुणाला तरी विचारलं, तुम्ही त्याचे कोण?
तो म्हणाला,
डबा ओळखतो.

रजिस्टरात त्या तारखेपुढे:
प्रकार, हरवलं-सापडलं. वस्तू, एक.
मालक मिळाला का,
हा रकाना मॅडमनी भरलेला नाही.

आज साडेनऊला गेमसिंग आला.
वारज्याला बिगारी पन्नासने वाढलाय.
सोमलीने भाव लिहून घेतला, बाईचाही.
का वाढला, ते आम्ही सांगणार नाही.
ती बातमी होईल.