खोली अर्धी केली तर

येरेवानमध्ये त्या हिवाळ्यात वीज यायची दिवसाला तासभर,
कुठला तास, ते कुणालाच ठाऊक नसे.
पाव माणशी अडीचशे ग्रॅम, कूपनावर.
नोएमझारबाईंनी दोन खोल्यांना कुलूप लावलं
आणि पत्र्याच्या शेगडीभोवती
एकाच खोलीत सगळं आणलं:
नवरा, मुलगा, बहिरी नणंद, एक चेलो
आणि एक इलेक्ट्रॉन.

इलेक्ट्रॉन अर्थात कागदावरचा.
प्रयोगशाळा बंद होती, हेलियम संपलेला.
"सिद्धान्ताला काय लागतं," त्या म्हणत,
"एक पेन्सिल, आणि चूक कबूल करायची तयारी."
पेन्सिल मी आणायचो.

पहिला धडा त्यांनी हातमोजे घालूनच शिकवला.
चहूबाजूंनी भिंती घाल, उंच, अनंत उंच,
आत एकच कण ठेव,
आणि त्याला सांग, गप्प बस.
बसत नाही.
थोडी तरी चुळबुळ त्याला करावीच लागते,
आणि खोली अर्धी केली तर
तगमग चौपट.
"काय चौपट?" नणंदेनं कोपऱ्यातून विचारलं, "पावाचा भाव?"
हो, तोसुद्धा.

भिंतीपाशी मात्र तो कधीच सापडत नाही.
मी त्या चौघांकडे पाहिलं,
गोठलेल्या भिंतींपासून हातभर दूर
शेगडीशी दाटून बसलेले.
हे उदाहरण मी वहीत उतरवलं नाही.

डिसेंबरात जमिनीच्या ओकच्या फळ्या जळाल्या,
जानेवारीत पुस्तकांची फडताळं.
पुस्तकं जाळायची नाहीत, हे न बोलता ठरलेलं.
पक्षाच्या अधिवेशनांचे वृत्तान्त तेवढे
छान पेटले.

फेब्रुवारीत सेरोब गेला, मार्सेयला, मामाकडे.
विमानाला इंधन मिळेपर्यंत तीन दिवस विमानतळावरच झोपला.
त्या रात्री बाईंनी इलेक्ट्रॉनची पानं बाजूला सारली
आणि क्वार्क काढले.
"हे निराळं प्रकरण.
जवळ असले की एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत.
ओढून दूर न्यायला लाग, की मधली दोरी ताणते.
अंतर वाढलं म्हणून ओढ कमी होत नाही इथे."
आणि तुटली तर?
"तुटल्या टोकांना नवे जोडीदार उगवतात.
सुटा, एकटा क्वार्क आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही."

चेलोची एक तार तुटून लोंबत होती.
तिच्या टोकाला काही उगवलं नव्हतं.
मी काय बघतोय ते बाईंनी बघितलं.
"उपमा जपून वापर," म्हणाल्या,
"गणित जातं तिथपर्यंतच."

मग तारा:
जळून संपलेला, स्वतःच्याच वजनाखाली
एका शहराएवढा उरलेला.
त्याच्या पोटात न्यूट्रॉनवर न्यूट्रॉन,
इतकी रेटारेटी की कुठली भिंत कुणाची
हेच उरत नाही,
आणि कदाचित
(कदाचितखाली त्या दोन रेघा मारत)
तिथे क्वार्क मोकळे हिंडतात.
दार कुणी उघडलेलं नसतं.

सकाळी पावाच्या रांगेत मी हे ताडून पाहिलं.
कुणाचं कोपर, कुणाची बाही, कळत नव्हतं.
एक म्हातारे माझ्या खांद्यावर उभ्याउभ्या झोपले,
त्यांचं कूपन माझ्या मुठीत.
मोकळं वाटलं का, ते सांगता येणार नाही.
ऊब होती.

मार्चमध्ये एका रात्री पावणेतीनला वीज आली.
अख्ख्या इमारतीतून आरोळी उठली,
इस्त्र्या, रेडिओ, कुणाचं तरी धुणं सुरू झालं,
नवरा पीठ मळायला उठला.
बाई तशाच. दिव्याखाली मेणबत्तीही जळतेय,
आणि त्या चौथ्या पानावरच्या एका उणे चिन्हाशी.
"हे अधिक हवं होतं," म्हणाल्या.
दोन महिने उभे होते त्या चिन्हावर.

त्यांनी मेणबत्ती विझवली. कोरा कागद मागितला.
घरात कागद नव्हता.
सेरोबच्या पत्राचं पाकीट त्यांनी कडेकडेनं सोडवलं,
न फाटेल असं,
आणि आतल्या पांढऱ्या बाजूला
पुन्हा भिंती काढायला घेतल्या.