सीटखालचा स्विच

नेरूळला, खाडीकडच्या मैदानावर
बसून चालवायची गवतकापणी उभी होती,
अर्धं मैदान कापलेलं, अर्धं गुडघाभर.
न्हावी अर्धी दाढी करून चहाला गेला
आणि आलाच नाही, तसं दिसत होतं.

कडूदादा म्हणाले, "मी बसलो का बंद परते, बाय,"
आणि दोन पावलं मागे सरकले,
जसा काही गुन्हा कबूल केला.

मी तुर्भ्याहून येते. अशा वाक्यांची सवय आहे.
गिऱ्हाईक भूत सांगतं,
मी मीटर काढते.

बॅटरी बारा पूर्णांक सहा. ठणठणीत.
फ्यूज वीसचा, पिवळा, आतली तार शाबूत.
किल्ली फिरवली तर सोलेनॉइड टक् म्हणाला,
म्हणजे निरोप पोचतोय.
अर्थची तार चेसिसला मिळते तिथे मात्र
खारट हवेनं हिरवं पीठ साठवलं होतं.
पॉलिश पेपरनं घासलं, तांबं लालभडक होईपर्यंत.
"बघा, अर्थच सुटला होता," म्हटलं,
आणि माझ्या विनोदावर मी एकटीच हसले.

रूपेश बसला. हेल्पर, वीस वर्षांचा, दणकट.
पाती जोडली, चार फेऱ्या मारल्या,
मशीन एकदाही कुरकुरलं नाही.
मी बिलबुक उघडलं.

मग कडूदादा बसले.
पाती जोडली.
उताराच्या पहिल्याच खळग्यात ते किंचित उचलले गेले,
आणि मशीन गप्प.
तळव्यानं तोंड दाबावं तसं.

बिलबुक मिटलं.

सुपरवायझर तांबट शेडमधून ओरडले,
"सीटखालच्या त्या दोन तारा जोडून टाका ना,
सगळे तेच करतात."
करतात. माहीत आहे.
माणूस पडला तर पातं थांबावं
म्हणून तो स्विच आहे.
महापेला मी एकदा एक बूट पाहिलाय.
त्याबद्दल मी बोलत नाही.

सीट उलटी केली.
काळं बटण, खाली स्प्रिंग,
बोटानं दाबलं की मीटर पीं म्हणतो,
सोडलं की गप्प. बिघाड शून्य.

उभी राहिले तेव्हा नजर
कडूदादांच्या कमरेवर गेली.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं,
उरलेलं टोक वळसा घेऊन पाठीमागे.
सदऱ्याची कॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची.

"वजन किती, दादा?"
"व्हता बहात्तर. आता दवाखान्याचा काटा
पंचावन सांगते."
थोडं थांबून, हातातली टोपी चुरगळत,
"एकल्यापुरता कोन रांधतंय."

नऊ वर्षं हे मशीन चालवतायत.
स्प्रिंगला त्याचं काय.
ती फक्त वजन ओळखते.

स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला,
सीटच्या पोटाला, बटणाच्या बरोबर वर चिकटवला.
पुरला नाही. आणखी एक.
"बसा. आता खळग्यातून न्या."
चालू.
"आता उभे राहा."
बंद.
"बसा परत."

बिलात लिहिलं: स्विचची स्प्रिंग कडक. रबर बसवले.
दीडशे रुपये.
दुसरा रकाना बिलबुकात नव्हता.

उरलेलं अर्धं मैदान त्यांनी एका दमात कापलं.
मला निघायचं होतं, तरी थांबले,
कापलेल्या गवताच्या ओल्या वासात,
प्रत्येक खळग्याला कान लावून.

उतरल्यावर त्यांनी विचारलं,
"आनखी उतरलो तं?"

रबराचा तिसरा तुकडा माझ्या हातातच होता.
पण तीन लावले
तर रिकामी सीटसुद्धा त्या स्विचला
माणूस वाटली असती.

मी तो पेटीत टाकला, झाकण लावलं.

"जेवा," म्हटलं.