हेर्मिनियोच्या वहीतली चव

एस्तेलीत सकाळी सहाला
गोदामाचं दार उघडलं की आधी डोळे झोंबतात.
नवा माणूस म्हणतो, घोड्यांचा तबेला.
मी म्हणते, चला, पानं जिवंत आहेत.

छातीएवढ्या थप्प्या, पोटात खुपसलेला थर्मामीटर.
पन्नासच्या वर काटा गेला की थप्पी मोडायची,
आतलं पान बाहेर, बाहेरचं आत,
एकेक झटकून पुन्हा रचायचं.
असे सोळा महिने.
मादुरो म्हणजे पिकलेलं. पण फळ आपलं आपण पिकतं,
याच्यासाठी माणसांना झोपमोड करावी लागते.

हात माझे कोपरापर्यंत काळपट.
लिंबू चोळून झालं, राख चोळून झाली.
लेकीच्या लग्नात हातमोजे घातले होते,
एप्रिलच्या उकाड्यात.

हेर्मिनियो सेलेदोन ही या कारखान्याची जीभ.
एकतीस वर्षं रोज उपाशीपोटी
कोमट पाण्याची एक गुळणी, मग पहिली सिगार.
गेल्या साली तापातून उठला
आणि तोंडात काही उगवेना.
बायकोला सांगितलं नाही, मालकाला तर नाहीच.
मला सांगितलं.
भिंतीला सांगावं तसं वाटलं असेल.
म्हणाला, "एउदेलिया, तू ओढ. मी लिहितो."

पहिल्या झुरक्याला इतकी खोकले
की रखवालदार पाणी घेऊन धावला.
दुसऱ्याला मिरी.
नाकाच्या मुळाशी, येता येता राहिलेल्या शिंकेसारखी.
त्यानं लिहिलं.
मग मिरी बसली, आणि
कढईच्या कडेला धरलेला गूळ,
आई ओरडायच्या आत नखानं खरवडलेला.
"गूळ लिहू?"
नुसता गूळ नको. करपायच्या एक क्षण आधीचा.
अर्ध्यावर आली तेव्हा
भाजलेल्या कोकोची सालं, अंगणभर उडालेली.
त्याच्यामागून मामाचं खोगीर.
तो पडला त्या दिवसाचं नव्हे,
आदल्या उन्हाळ्यातलं, घामानं मऊ झालेलं.
आणि शेवटच्या दोन बोटांत कॉफी, बिनसाखरेची,
जाणारा माणूस दारात उभा असताना
उभ्या उभ्या प्यायलेली.

त्याचं पेन थांबलं. "हे मालक छापतील?"
छापू देत.

छापलं. खोगीर आणि दारातला माणूस गाळून.
खोक्याच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत
मिरी, गूळ, कोको.
खाली हेर्मिनियोची सही, शेपटी वळवलेली.

डिसेंबरात मोठी मागणी आली.
मालकाच्या मुलानं चार महिन्यांची कोवळी पानं
वाफेवर शिजवली.
काळीभोर झाली, तोंड दिसेल अशी.
मी अंगठा ओला करून घासला,
अंगठ्यावर रंग उतरला.
तरी ओढली. नियम म्हणजे नियम.
"काय येतंय?"
काहीच नाही.
"काहीच नाही म्हणजे, मला येत नाही तसं?"
अगदी तसंच.
तो बराच वेळ हसला, ठसका लागेपर्यंत.
मग वहीत पान भरून एकच शब्द: नाही.

मुलगा तणतणत आला,
कुणाच्या जिभेनं ठरवलं हे?
हेर्मिनियोनं आपली जीभ काढून दाखवली,
डॉक्टरला दाखवतात तशी.

संध्याकाळी आम्ही पायरीवर बसतो.
चांगल्या थप्पीतली एक तो पेटवतोच,
म्हणतो, धूर नुसता गरम लागतो.
राख दीड बोट लांब, पांढरी, पडत नाही.
रस्त्यावरून लाकडाचा ट्रक जातो, धूळ बसते.
मी त्याच्या हातातून घेते, एक झुरका,
परत देते.
म्हणते, गूळ आलाय.
तो डोळे मिटून तोंडात धूर धरतो,
जरा जास्तच वेळ.