सेकंदाचा साठावा भाग

कॅमेरा खिशात मावतो एवढासा,
भिवंडीहून नागेशमामानं पाठवलेला,
डाव्या कोपऱ्यात चरा गेलेला.
त्यात लास्या मावत नाही.

आठवड्यात एकशे बारा फोटो काढले.
एकात नुसती वेणी.
एकात तिच्या जागी पिवळी रेघ,
कुणी हळदीचा हात भिंतीवरून ओढल्यासारखी.
एकात ती नाहीच,
रिकामी धूळ आहे
आणि मल्लव्वाची शेळी, अगदी स्वच्छ,
दाढीच्या केसांसकट.
शेळीचं काय, ती उभी असते.

बटण दाबलं की आतला म्हातारा
आधी घसा खाकरतो, चष्मा पुसतो,
मग बघतो.
तोवर पोरगी पाचाची सहा वर्षांची होते.

"लास्या, हलू नको गं."
"मग झोका कशाला बांधला?"
बरोबर आहे.

विडी घरकुलात दुपारी दोनला फोटो काढू नये.
मे महिन्यातला सूर्य इथं भांडायला आल्यासारखा येतो:
कपाळ पांढरं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.
खोलीत काढावा तर उजेड पुरत नाही,
कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो,
तेवढ्यात ही कॉटवरून मोरीत.
म्हणून मी साडेपाचला बसते,
लिंबाची सावली अंगणभर झाली की.
समोरची भिंत चुन्याची,
तिला लागून उजेड परत येतो, निथळलेला.
कोपर गुडघ्यावर टेकवून.
श्वास अर्धा.
बटणही अर्धंच.

नाना चादरीच्या कारखान्यात होते, अक्कलकोट रोडला.
मी डबा घेऊन जायची.
मागावर धोटा दिसायचाच नाही,
दिसायचा फक्त त्याचा आवाज.
"त्याच्या मागं डोळे पळवू नको," नाना ओरडायचे,
ओरडल्याशिवाय तिथं ऐकूच यायचं नाही,
"पोचतो तिथं बघ.
वळायला तरी थांबावंच लागतं की त्याला."

झोक्यालाही लागतं.
वर, अगदी वर,
दोर सैल पडायच्या आधी,
जाणं संपलेलं असतं आणि येणं सुरू झालेलं नसतं.
मी लास्याकडे बघणं सोडलं.
तेवढ्याच अंतरावर लिंबाची एक वाळकी फांदी होती,
तिच्यावर नजर बांधली.
एक झोका सोडला.
दुसरा सोडला.
तिसऱ्याला, ती पोचायच्या जरासं आधी,
उरलेलं अर्धं बटण दाबलं.

आली.
पायाची दहा बोटं मोजून घ्या.
पडलेल्या दाताची खिडकी,
गुडघ्यावरची खपली, कडेनं सुटत आलेली,
फ्रॉकच्या बाहीवर वहिनीनं घातलेले टाके, सोळा.
हवेत बसलेली,
जणू सकाळपासून तिथंच होती.

मागं उंबऱ्यावर वहिनी.
पाय पसरलेले, मांडीवर सूप,
चेहरा लख्ख, कानातली फुलं लख्ख,
सुपातला तंबाखूसुद्धा.
सकाळी आठपासून जागची हललेली नाही बाई.
आणि मनगटांच्या पुढं
काहीच नाही.
बोटांच्या जागी एक करडा धूर.

लास्यानं आधी स्वतःचा दात बघितला,
मग म्हणाली, "अम्मा, तुझे हात कुठायत?"
वहिनीनं मान वाकडी करून पडद्याकडं पाहिलं.
"कॅमेरा हलला असेल," म्हणाली,
पंचविसाचा कट्टा आवळला,
दातानं दोरा तोडला,
पुढचं पान घेतलं.
हजाराला अजून दोनशे कमी होत्या.

झोका एकटाच हलतोय.
लास्या शेळीकडं गेली.
मी कोपर पुन्हा गुडघ्यावर टेकवलंय,
नजर त्या बोटांवर.
ती वळायला कुठं थांबतात
अजून सापडलं नाही.