पडद्यातून हात

मी रायगोंडा चौगुले, मापाडी, सांगली मार्केट यार्ड.
गाळा नंबर सांगत नाही, अडतदार रागावेल.
तीस वर्षं राजापुरी हळदीची पोती उचलून
हातावर जो पिवळा चढलाय
तो साबणाचं ऐकत नाही.
म्हणून आवटी मॅडमनी मला मोजा घातला,
मनगटापाशी कापलेला,
नाडीपुरतं कातडं उघडं.
नाहीतर वैद्य लगेच ओळखतील, म्हणाल्या,
हा मघाचाच हात.

विश्रामबागेत कॉलेजची खोली. हिरवा पडदा,
पडद्याला भोक, भोकातून हात.
माझा, एका शिपायाचा, दोन पोरींचा,
आणि तासगावच्या एका द्राक्षवाल्याचा,
जो सारखा घड्याळ बघत होता.
पलीकडे सहा वैद्य.
बोलायचं नाही. खोकायचंही नाही.
प्रत्येक हात दोनदा जाणार, उलटसुलट,
कुणाचा कधी ते फक्त मॅडमच्या वहीत.

बोटं आली. तीन तीन.
एकाची गार, एकाची तंबाखूच्या वासाची,
एकाची इतकी हलकी की माशी बसावी.
दुसऱ्या फेरीत मी त्यांना ओळखत होतो
एकेकाला,
पडद्याआडून.
ते मला नाही.

चहाच्या वेळी कागद टेबलावर उघडेच होते.
माझी नाडी: साप. बेडूक. हंस.
परत बेडूक.
एकाच वैद्याला अकरा वाजता मी वात,
सव्वाअकराला कफ.
मधल्या वेळात मी फक्त बसलो होतो.

निमकर वैद्य सगळ्यात म्हातारे.
दोन कागदांवर त्यांनी लिहिलं होतं, ‘सांगता येत नाही.’
ते मॅडमना म्हणाले,
‘परीक्षा आठ आहेत, बाई.
जीभ नाही, डोळा नाही, आवाज नाही.
सात दारं लावून घेतलीत
आणि आठव्यातून घर दाखव म्हणता.’
मॅडम म्हणाल्या,
‘पण काका, बाहेर पाटीवर
तुम्ही एकाच दाराचं नाव लिहिलंय.’
यावर निमकरांनी बशी उचलली
आणि बराच वेळ चहा फुंकत राहिले.

आमच्यात काट्याला दर वर्षी शिक्का लागतो.
साहेब येतो, तेच वजन दोनदा ठेवतो.
दोनदा तेच आलं म्हणजे खरं आलं असं नाही,
बिघडलेला काटाही रोज तेच खोटं बोलतो.
पण दोनदा वेगळं आलं
तर पुढचं बोलणंच संपलं.
पोत्याला कुणी विचारत नाही
रात्री झोप लागली का.

हे सगळं मी यार्डात रंगवून सांगितलं. लोक हसले.
बाबालाल नदाफ म्हणाला, ‘आणि तुजं काय?’
माझं म्हणजे,
मी आकडी लावून पोतं उचलतो नि सांगतो, साठ.
माना डोलतात. माझा हात म्हणजे काटा, असं
माझ्या लग्नाआधीपासून बोललं जातं.

त्या रात्री सौदे संपल्यावर
बाबालालनं माझ्या डोळ्याला टॉवेल बांधला.
दहा पोती, दोन फेऱ्या.
एकच पोतं मी आधी अठ्ठावन्न सांगितलं, मग त्रेसष्ट.
दहातली सहा तशीच.
दुसऱ्या फेरीत सगळं जड.
बाबालाल हसला नाही,
ते जास्त लागलं.

थकलेला हात पोत्याला जड म्हणतो.
मग मला ती बोटं आठवली, माझ्या मनगटावर दाबलेली.
बोटालाही नाडी असते.
साप कुणाचा होता,
बेडूक कुणाच्या अंगातला,
हे पडद्याच्या कुठल्या बाजूनं ठरवायचं?

आता वहीत दोन रकाने केलेत.
आधी हात काय म्हणतो ते लिहितो,
मग पोतं काट्यावर.
अडतदार म्हणतो, वेळ जातो.
जातो.
पण एवढं कळलंय की दुपारी चारनंतर
माझा हात दोन किलो जास्त बोलतो.
निमकरांना सांगायला एकदा गेलो होतो.
दवाखान्यात गर्दी होती.
एका बाईचा हात हातात घेऊन ते बसलेले,
डोळे मिटून,
आणि या वेळी तिला विचारत होते,
झोप कशी आहे, जीभ दाखवा, काय खाल्लं.
पाटी तीच होती.
मी थोडा वेळ दारात उभा राहिलो, मग निघालो.
हात खिशात होते.