तोंड दिसलं की

आईच्या वहीत पाण्याचं तापमान नाही.
तिथे एवढंच: तोंड दिसलं की ओत.

पहाटे पाचला चूलघरात हंडा चढवते,
जुनिपरच्या फांद्या पाण्यात सोडते.
पाणी आधी पोपटी, मग कोऱ्या चहासारखं.
खाली फियॉर्ड अंधारात,
पलीकडच्या काठाला एकच दिवा,
फेरीबोटीचा असेल,
किंवा तिथेही कुणी हंड्यापाशी जागं.

उकळी येऊन गेली की जाळ ओढायचा
आणि थांबायचं.
वाफ दाट आहे तोवर हंड्यात कुणीच नसतं.
मग पाणी निवतं, वाफ फाटते,
आत कुणीतरी वाकलेली:
पन्नाशीची, शाळेची बस चालवणारी,
कानापाशी आईसारखीच बट सुटलेली.
थर्मामीटर बुडवला मी, चोरून.
शहात्तर.
आई, तुझं तोंड बरोबर होतं.

पिंपात मोड आणून वाळवलेले सातू,
काल मीच भरडलेले, जरा जास्तच बारीक;
रेडिओवर बर्फाची सूचना चालली होती
आणि हात थांबला नाही.
पाणी ओतलं, वल्ह्याने ढवळलं.
आधी पेजेचा वास, मग भाजल्या पावाचा.
बोट बुडवून चाखलं:
दाण्यातलं पीठ साखर होत होतं
झाकणाखाली, गुपचूप,
कुणाचा उपदेश न ऐकता.

दोन तासांनी तोटी उघडली.
एक धार. अर्धी बादली. मग थेंब.
मग तोही नाही.
सगळा गोडवा आत बसून राहिला
आणि चोथ्याने आतून कडी लावली.
मी शिव्या दिल्या.
सातूला, स्वतःला, रेडिओला.

दार ढकलून आला तो तोर्गिल्स.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो
एका स्प्रूसवरून,
जो माझ्या हद्दीत उभा होता आणि त्याच्या हद्दीत पडला
(तो म्हणतो उलट. बुंधाही आता कुजला).
कुंपण आम्ही दोघांनी पाळलं.
वासाने नाही पाळलं.

तोटीकडे बघून म्हणाला,
"फांद्या उलट्या घातल्यास."
एवढंच. ना टोपी काढली, ना कशी आहेस.
गुडघे टेकले, तोटीला तोंड लावलं
आणि फुंकत राहिला, म्हातारा,
कान लाल होईपर्यंत.
आत काहीतरी गुरगुरलं, खचलं, बाजूला सरलं.
धार आली. सुताएवढी,
मग करंगळीएवढी, मधाच्या रंगाची.

"विरजण?" त्याने विचारलं.
मागच्या की त्यामागच्या हिवाळ्यात
चार दिवस वीज नव्हती, फ्रीजरमध्ये
आईचं विरजण मेलं.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
त्याला दुकानातलं पाकीट दाखवलं.
त्याने ते वाचलं, पुढून, मागून,
खिडकीत ठेवलं
आणि निघून गेला.

रस अंगाच्या उबेला आला तेव्हा अंधारलं होतं.
तोर्गिल्सच्या कोटाच्या आत, पोटाशी, बरणी.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर
त्याच्या गेलेल्या बायकोचं तिरपं अक्षर:
बोर्गहिल्डकडून आणलं. परत द्यायचंय.

बोर्गहिल्ड माझी आई.

विरजण घालताना आमच्याकडे ओरडतात.
आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर कडक.
आई अशी ओरडायची की मेंढ्या बिचकायच्या.
आम्ही दोघं उभे, बरणी तिरपी.
आधी तू. नाही, आधी तू.
मग दोघांच्या घशातून जे निघालं
त्याला आरोळी म्हणावं का, ठाऊक नाही.
वर त्याच्या अंगणात कुत्रा मात्र भुंकला.

चोथा त्याच्या मेंढ्यांना आंबोण म्हणून दिला.
बरणी धुतली, चिकटपट्टी काढली नाही.
बादली त्याने अजून परत केलेली नाही.
मीही मागत नाही.