बाणकोटची व्हिक्टोरिया

इसाकचाचा परकार चाळीस वर्षं बोटीवर,
इंजिनखात्यात,
म्हणजे जग पाहिलं ते बहुतेक आवाजावरून.

पहिली बोट सुटली व्हिक्टोरिया गोदीतून.
मग एक बंदर व्हिक्टोरिया,
नारळ आपल्यासारखेच, भाव तिप्पट.
एक तळं व्हिक्टोरिया, ते नुसतं नकाशात.
एक डोंगर, तो धुक्यात.
"एकाच बाईच्या घरात
या खोलीतून त्या खोलीत," चाचा म्हणतात,
"आणि बाई कधी भेटली नाही."

भेटली एकदा.
मोंबासाच्या दवाखान्यात, सोन्याचा एक दात,
भाजलेल्या हाताला मलम लावताना म्हणाली,
मी व्हिक्टोरिया. तुझं गाव?
गावात ज्याला नुसतं 'किल्ला' म्हणतात
त्याला गोरे काय म्हणायचे, ते चाचांना
शाळेतलं अचानक आठवलं.
"फोर्ट व्हिक्टोरिया."
दोघं इतकी हसली की बांधलेली पट्टी सुटली.

आजी मला वेगळ्याच नावानं हाक मारायची,
असंही ती म्हणाली, आणि ते नाव सांगितलं.
चाचांना ते आता आठवत नाही.
तेवढंच लागून राहिलंय.

संध्याकाळी ते बुरुजावर उभे राहतात
आणि शेळीला ओरडून हाक मारतात, व्हिक्टोरिया!
खाली सावित्रीच्या मुखाशी
बागमांडल्याची फेरी भोंगा देते.
शेळी ढिम्म. करवंदीत तोंड.
मग चाचा जीभ टाळूला लावून
एक आवाज काढतात,
ज्याचं स्पेलिंग होत नाही,
आणि ती उड्या मारत येते.